विषय काय तुमचा?

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या माणसाला जग एकच प्रश्न विचारतं, "झाली का?" सासूबाई विचारतात, प्राचार्य विचारतात, कॉलेजचे शिपाईमामाही विचारतात. "नाही अजून" म्हटलं की समोरचा "असू दे, असू दे" करतो आणि पावसापाण्याचं बोलायला लागतो. पण एवढी वर्षं चाललंय तरी काय, कशावर चाललंय, हे कुणालाच जाणून घ्यायचं नसतं. माझ्या नवऱ्याला माझ्या प्रबंधाचं शीर्षक पाठ आहे, कारण नोंदणीच्या अर्जाच्या झेरॉक्स त्यानेच काढून आणल्या होत्या. शीर्षकाच्या पुढे तो गेलेला नाही. मीही त्याच्या जीएसटीत कधी डोकावलेले नाही, तेव्हा फिट्टंफाट.

त्यामुळे "अर्धवेळ संशोधक विद्यार्थ्यांसाठी कोर्सवर्कचे निवासी वर्ग शुक्रवार सायंकाळ ते रविवार, उपस्थिती अनिवार्य" असं परिपत्रक विद्यापीठातून आलं, की आम्ही चारचौघांत कपाळाला आठ्या घालतो. "गेला बाई शनिवार-रविवार" असं स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणतो. आणि घरी येऊन माळ्यावरची बॅग काढताना गाणं गुणगुणतो.

नियमाचं म्हणाल तर तो साधा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क लागतं. त्यात संशोधनपद्धती असावी लागते, संशोधन आणि प्रकाशनातली नीतिमत्ता असावी लागते आणि 55 टक्के गुण मिळाले तरच गाडी पुढे सरकते. नीतिमत्तेचा अभ्यासक्रम 2 क्रेडिटचा, 30 तासांचा. 30 तासांत माणूस नीतिमान होतो हे कळल्यावर आमच्यातल्या इतिहासाच्या सरांनी पहिल्याच तासाला हात वर केला आणि संस्थाचालकांसाठी एखादी वेगळी बॅच काढता येईल का, असं विचारलं. शिकवणारे सर हसले, पण दरवाजाकडे बघून.

दूरशिक्षणाने पीएच.डी. करायला आपल्याकडे परवानगी नाही. देह आणून हजर करावाच लागतो. ही अटही काही आजची नव्हे. ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणाऱ्याने कारफॅक्स नावाच्या चौकापासून 25 मैलांच्या आत राहावं असा नियम आहे. विद्येच्या किती जवळ आहात हे मैलांत मोजायचं, ही कल्पना मला फार आवडली. आमच्यात तशी मोजणी केली तर सगळ्यात आधी मी बाद होईन. माझं तालुक्याचं कॉलेज विद्यापीठापासून एसटीने साडेतीन तासांवर आहे, तेही घाटात ट्रक बंद पडला नसेल तर.

शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या खिडकीशी किल्ली घ्यायला रांग लागते. रांगेतले सगळे स्वतःच्या गावात मान्यवर असतात. कुणी उपप्राचार्य, कुणी बँकेचे शाखाधिकारी, कुणी ग्रंथपाल, कुणी क्रीडासंचालक. इथे मात्र प्रत्येकाच्या हातात एक उशी असते, कारण वसतिगृहाच्या उशीबद्दल मागच्या बॅचने सांगून ठेवलेलं असतं. खोलीत शिरल्यावर पहिलं काम प्लग शोधण्याचं. तो नेहमी कपाटामागे सापडतो. मग दोन प्रौढ, प्रतिष्ठित बायका मिळून कपाट सरकवतात, आणि एकदा असं कपाट सरकवलं की ओळखदेख करून घेण्याची औपचारिकता उरत नाही.

नावं कुणाचीच लक्षात राहत नाहीत. आडनावंही नाहीत, कारण चार पाटील आणि तीन जाधव असतातच. लक्षात राहतो तो विषय, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत विषय हेच नाव होऊन जातं. नागरी सहकारी बँकांच्या थकीत कर्जांवर काम करणारे साहेब "थकीत". द्राक्षबागांवरच्या बुरशीवाल्या मॅडम "बुरशी". कबड्डीतल्या चढाईपटूंच्या पोटऱ्यांची ताकद मोजणारे सर अर्थातच "पोटऱ्या". "अहो थकीत, चहाला येताय का?" अशी हाक कॉरिडॉरमध्ये ऐकून एका सफाई कामगार मावशींनी त्या साहेबांकडे फार करुणेने पाहिलं होतं. मी "बाजार". माझं काम आठवडे बाजारांवर आहे. एका तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणत्या वारी बाजार भरतो, व्यापारी कसे फिरतात, माणसं किती लांबून येतात, असा सगळा प्रपंच. "या बाजार, बसा" असं कुणी म्हटलं की सुरुवातीला जरा कसंतरी व्हायचं. आता सवय झाली.

शनिवारचा वर्ग बघण्यासारखा असतो. वर्षानुवर्षं "मागच्या बाकावर बसू नका" असं ओरडत आलेली सगळी माणसं दार उघडताच मागच्या बाकांकडे धावतात. पहिल्या रांगेत नाइलाजाने उशिरा आलेले बसतात. दहाव्या मिनिटाला कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर फुलं काढायला लागतं. थकीत साहेबांच्या शाखेत म्हणे टाचणी पडली तरी ऐकू येते, पण इथे ते शेजाऱ्याला चिठ्ठी सरकवून "हे परीक्षेला आहे का?" असं विचारतात. सकाळ-दुपारच्या सह्यांचा कागद फिरायला लागला की खोकले थांबतात, चष्मे सारखे होतात आणि सबंध दिवसातली सर्वाधिक एकाग्रता त्या पाच मिनिटांत दिसते.

एकदा तर व्यासपीठावर उभे असलेले तरुण प्राध्यापक बाकावरच्या इतिहासाच्या सरांचेच जुने विद्यार्थी निघाले. पुढचा तासभर दोघांनी एकमेकांना "सर" म्हणण्यात घालवला. "सर, तुमची शंका सांगा सर." "नाही सर, तुम्ही पूर्ण करा सर." त्या तासाला नेमका विषय काय होता, ते वर्गात कुणालाही आठवत नाही.

पण सगळंच काही वाया जात नाही. त्या तरुण सरांनी दुसऱ्या दिवशी लिकर्ट शिकवला, आणि छान शिकवला. "पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत" ही पाच खान्यांची मोजपट्टी आपण बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे भरतो. ती रेन्सिस लिकर्ट या माणसाने 1932 साली कोलंबिया विद्यापीठात मांडली, आणि मांडली ती त्याच्या पीएच.डी.च्या कामात. हे ऐकून वर्गात पहिल्यांदा शांतता पसरली. पीएच.डी.चा पुढे उपयोग होतो, ही बातमी बऱ्याच जणांना नवी होती. दुपारी मेसच्या मावशींनी अभिप्रायाचा फॉर्म आणला, तोही तसाच पाच खान्यांचा. मावशी टेबलाच्या डोक्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या. तमाम संशोधकांनी "तटस्थ"वर खूण केली आणि उत्तरदात्यावर वातावरणाचा परिणाम होतो तो कसा, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

मेसचं जेवण या विषयावर मी अधिक लिहिणार नाही. फ्लॉवर-बटाटा हा रस्सा आहे की सुकी भाजी, हा वाद अजून मिटलेला नाही, एवढंच. पण जेवणाचा आणि पदवीचा संबंध जुना आहे. गांधीजी 1888 साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले, तेव्हा परीक्षांबरोबर बारा टर्म 'भराव्या' लागत, आणि टर्म भरायची म्हणजे जेवायचं. प्रत्येक टर्ममध्ये साधारण 24 मेजवान्या असत, त्यांपैकी निदान 6 ना हजेरी लावावी लागे. चौघांच्या गटाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत आणि गांधीजी पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या गटात ओढायला चढाओढ लागे, हे त्यांनीच आत्मकथेत सांगितलंय. आमच्या मेसमध्ये हा मान बुरशी मॅडमना आहे. त्या गोड खात नाहीत, आणि रविवारी दुपारी गुलाबजाम असतो.

खरा वर्ग भरतो तो गेटाबाहेरच्या टपरीवर. तिथेच मला शून्य परिकल्पना समजली. वर्गात ती अनेकदा शिकवून झाली होती, मी स्वतः बी.ए.च्या मुलांना नोट्समधून लिहून दिली होती, पण समजली टपरीवर. सांख्यिकीच्या एका सरांनी चहाचा ग्लास हातात धरून ती गोष्ट सांगितली. रोनाल्ड फिशर हा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात होता. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं, कपात दूध आधी घातलंय की चहा आधी ओतलाय, हे मी चवीवरून सांगते. फिशरने आठ कप मांडले, चार असे आणि चार तसे, क्रम उलटसुलट. बाईंना काही म्हणजे काही कळत नाही असं आधी गृहीत धरायचं, ही शून्य परिकल्पना. मग नुसत्या अंदाजाने आठही बरोबर यायची शक्यता किती? सत्तरात एक. तेवढं जमलं तर त्यांना खरंच कळतं असं मानायला जागा आहे. 1935 सालच्या त्याच्या पुस्तकात हा चहा आहे. सांख्यिकीचे सर थांबले तसा टपरीवाला म्हणाला, "आमच्याकडं दूध, पाणी, पत्ती, साखर सगळं एकदमच उकळतंय साहेब. भानगडच नाही." फिशर आपल्याकडे जन्मला असता तर संख्याशास्त्राचं फार नुकसान झालं असतं, यावर एकमत झालं आणि दुसरा चहा सांगितला.

बायकांच्या वसतिगृहातली रात्र हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. आठ ते साडेआठ फोनची वेळ. प्रत्येक कॉटवरून घराचं दूरनियंत्रण चालू असतं. "डब्यात वरच्या फळीवर. नाही, तो जिऱ्याचा. त्याच्या मागे." "ट्यूशनला सोडलंस का? मग आता घ्यायलाही तूच जायचं असतं." नियमावलीत पीएच.डी.साठी जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात आणि बायकांना त्यावर आणखी दोन. ही जादा दोन वर्षं कुठून आली, असं एका तरुण पुरुष सहाध्यायाने दुपारी तक्रारीच्या सुरात विचारलं होतं. त्याला रात्री आठला आमच्या मजल्यावर उभं करायला हवं होतं.

साडेआठला फोन बंद होतात आणि मग खरा कार्यक्रम सुरू होतो. शेंगदाण्याची चटणी, भाकरीचा चिवडा आणि विषय. इथे पहिल्यांदा कुणीतरी विचारतं, "विषय काय तुमचा?" आणि उत्तराची वाट बघतं. या ऐकण्यामागे काही थोर ज्ञानलालसा असते असं समजू नका. रोख व्यवहार असतो. मी तुझी बुरशी वीस मिनिटं ऐकते, त्याबदल्यात तू माझा बाजार वीस मिनिटं ऐकायचास. मध्ये जांभई दिली तर हिशेबातून वजा. पण उसनं म्हणून ऐकलेलं कधीकधी खरंच कानात राहतं. द्राक्षाच्या पानावर केवडा रोग आधी खालच्या बाजूला धरतो की वरच्या, हे मला आता माहीत आहे आणि कुणाच्याही बागेत गेले की मी पान उलटून बघते. घरची माणसं लांब जाऊन उभी राहतात.

चटणी संपली की शोधगंगा उघडायची. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध जिथे ठेवलेले असतात ते हे संकेतस्थळ. आपल्या विषयातले जुने प्रबंध अभ्यासावेत, असा त्यामागचा सरकारी हेतू. आम्ही ऋणनिर्देश वाचतो. माझं प्रामाणिक मत आहे की ऋणनिर्देश हा मराठी ललित गद्याचा दुर्लक्षित प्रकार आहे. सुरुवात गुरुवर्यांपासून, "ज्यांच्या प्रेरणेशिवाय" वगैरे. मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव, सहसचिव. मग कैलासवासी आजोबा. मग "सुबक टंकलेखन अल्पावधीत करून देणारे" अमुक, आणि शेवटच्या ओळीत, सगळे संपल्यावर, "माझी सहचारिणी, जिने घराची संपूर्ण जबाबदारी". ही ओळ कुणी मोठ्याने वाचली की खोलीत एकदम हशा होतो आणि मग थकीत साहेबांच्या प्रबंधात ही ओळ कोणत्या पानावर येईल, यावर पैजा लागतात. एका बाईंनी स्वतःच्या प्रबंधात सासूबाईंचं नाव मार्गदर्शकांच्या आधी घातलेलं आम्हाला सापडलं. त्या बाई आमच्या दैवत आहेत.

प्रबंधाच्या जाडीबद्दल अशाच एका रात्री विषय निघाला. आमच्याकडे तीनशे पानांखाली प्रबंध दिला तर बाइंडिंगवालासुद्धा "एवढाच?" म्हणतो. तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी कमला सोहोनींचं सांगितलं. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सीवर काम करून 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि त्यांचा प्रबंध म्हणे जेमतेम 40 पानांचा होता. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बुरशी मॅडम म्हणाल्या, "माझी नुसती प्रमाणपत्रं आणि प्रतिज्ञापत्रंच तेवढी होतील."

रविवारी सादरीकरण. बाहेरून दोन तज्ज्ञ येतात. पहिले म्हणतात, "व्याप्ती फार मोठी घेतलीय." दुसरे म्हणतात, "एवढ्याशा व्याप्तीवर पीएच.डी. होत नसते." दोघंही एकमेकांच्या बोलण्याला मान डोलावतात. आपण दोघांचंही लिहून घ्यायचं आणि "नक्की करते सर" म्हणायचं. मग वाङ्मयचौर्याची टक्केवारी. आयोगाच्या 2018 च्या नियमाप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे चढत्या शिक्षा. पोटऱ्यावाल्या सरांचा अहवाल 14 आला होता. ते उभे राहिले. सहा फूट उंच, आवाज मैदानावरचा. "सर, कबड्डीच्या संघात मैदानावर सात खेळाडू असतात. हे मी वेगळ्या शब्दांत कसं लिहू? सहात एक मिळवला असता येणारे, असं लिहू?" तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला. प्रश्न बिनतोड होता. शेवटी "बघा, जमवा काहीतरी" असा निवाडा झाला.

माझं सादरीकरण लांबलं, कारण माझी अडचणच तशी होती. वॉल्टर ख्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलवेत्त्याने 1933 साली दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून मांडलं, की बाजाराच्या जागा षटकोनांच्या जाळ्यात बसतात. गावं सपाट मैदानावर सारखी पसरलेली असतील आणि माणूस जवळच्याच बाजारात जात असेल, तर असं जाळं आपोआप तयार होतं. ही कल्पना त्याने पीएच.डी.साठीच मांडली होती आणि तेव्हा तो चाळिशीला टेकलेला होता, म्हणून मला त्याच्याबद्दल विशेष जिव्हाळा. तर माझ्या तालुक्यातले बाकी सगळे बाजार थोडं ओढूनताणून का होईना षटकोनात बसतात, आणि एक बसत नाही. आडबाजूच्या एका गावात सोमवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. पूर्वी तो हमरस्त्यावरच्या गावात होता, तिथून तिकडे गेला. का गेला याला कागदोपत्री उत्तर नाही. पाणी, रस्ता, लोकसंख्या, सगळं तपासून झालं. माझे गाइड "अपवाद म्हणून दाखवा" म्हणतात. दोन्ही तज्ज्ञांनी, पहिल्यांदाच एकमताने, "गॅप चांगली आहे" असं सांगितलं आणि घड्याळ बघितलं.

हे सगळं मी शनिवारी टपरीवरही सांगितलं होतं. पोटऱ्यावाले सर तेव्हा शेजारी उभे राहून क्रिकेटचा स्कोअर बघत होते, म्हणून मी त्यांचा हिशेब धरला नव्हता. उलट त्यांच्या पोटऱ्या मी दोन चहा भरून ऐकल्याने माझंच येणं निघत होतं.

रविवारी बॅगा भरल्या, गुलाबजाम संपले, उरलेली चटणी कुणी न्यायची यावर रीतसर आग्रह झाला. बसस्टँडवर सर माझ्याकडे आले. "मॅडम, त्या सोमवारच्या बाजारात माझा मामा दलाल आहे. तीस-पस्तीस वर्षं. काल रात्री त्याला फोन करून तुमचं सगळं सांगितलं. ख्रिस्टालर पण सांगितला." आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन जोडून माझ्या हातात दिला.

मामांचा आवाज भाच्यापेक्षा मोठा. मागे म्हशी.

"मंगळवारी या बाई. सोमवारी मला मरायला फुरसत नसती. आणि ते षटकोन का काय ते घरीच ठेवून या. बाजार का हलला ते तसल्या नकाशात घावायचं नाही, ते दोन सरपंचांच्या मोडलेल्या सोयरिकीत हाय. कुणाची पोरगी, कुणाचा पोरगा, सगळं नावानिशी सांगतो. पण माझं नाव पुस्तकात घालणार असाल तर मार्गदर्शक म्हणून घाला."